मुठीतले बळ

अतिदक्षता विभागात कृत्रिम श्वसनयंत्रावर कित्येक दिवस काढलेल्या रुग्णाचे स्नायू कधीकधी इतके क्षीण होतात की, मूळ व्याधी हटली तरी हात उचलण्याचेही त्राण उरत नाही. या दौर्बल्याची मोजदाद करण्यासाठी बारा स्नायुगट तपासून ६० पैकी गुण देण्याची रीत आहे, आणि ४८ खालचे गुण दौर्बल्याचे निदर्शक मानतात. तो खटाटोप टाळून, कोपर काटकोनात ठेवून पकडमापक दाबावयास लावणे अधिक सुटसुटीत. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन संशोधनाने पुरुषांस ११ व स्त्रियांस ७ किलोग्रॅमांची मर्यादा सुचविली. मात्र रुग्ण शुद्धीवर असून सांगितलेले त्यास उमगावे लागते. शिवाय द्रवदाबावर चालणारे नेहमीचे मापक, निरोगी हातांच्या हिशेबाने घडविलेले असल्यामुळे, अतिदुर्बळ पकडीची पुष्कळदा दखलच घेत नाही!