घेवड्यातील अवर्षणसहिष्णुता

घेवड्यातील अवर्षणसहिष्णुता : जमिनीतील ओलावा अपुरा पडला असता तग धरून समाधानकारक बी देण्याची घेवड्याच्या (लॅ. फॅसिओलस व्हल्गॅरिस, कुल-लेग्युमिनोजी) झाडाची क्षमता. श्रावण घेवडा, वाघ्या घेवडा व राजमा हे याच जातीचे प्रकार होत. लॅटिन अमेरिका व पूर्व आफ्रिका येथील सामान्य कुटुंबांच्या आहारात घेवड्याचे दाणे हा प्रथिनांचा एक प्रमुख पुरवठा आहे. तेथे हे पीक बहुतांशी लहान शेतकरी केवळ पावसाच्या पाण्यावर घेतात. त्यामुळे पावसाने ओढ दिल्यास उत्पन्नाबरोबर घरच्या अन्नाचीही तूट येते.

पाण्याच्या ताणाचे परिणाम : ६० ते १२० दिवसांत तयार होणाऱ्या या पिकास हवामानानुसार सु. ३०० ते ५०० मिमी. पाणी लागते. मुळांचा मोठा भाग जमिनीच्या वरच्या थरात असल्याने हा थर सुकताच झाडास ताण जाणवतो. फुलोरा व दाणे भरणे या अवस्था सर्वांत नाजूक होत. या काळात फुले व कोवळ्या शेंगा गळतात, शेंगेतील दाण्यांची संख्या घटते आणि दाणे सुरकुततात. मुळांवरील गाठींतील नायट्रोजनाचे स्थिरीकरणही मंदावते. ताणाच्या जोडीला उष्णता असल्यास परागकण वंध्य होऊन नुकसान वाढते. कोरड्या व उष्ण जमिनीत मॅक्रोफोमिना फॅसिओलिना या कवकामुळे मुळे व खोड कुजण्याचा रोगही बळावतो.

सहिष्णुतेची कारणे : ही क्षमता एका गुणावर अवलंबून नसते. (१) लवकर पक्व होणारे वाण ओल संपण्यापूर्वी दाणे भरून अवर्षण चुकवितात. मात्र चांगल्या पावसाच्या वर्षी त्यांचे उत्पन्न सामान्यतः उशिरा येणाऱ्या वाणांपेक्षा कमी असते. (२) काही वाणांची मुळे खोल जातात. कोलंबियातील पाल्मिरा येथील प्रयोगांत (१९८९) बीएटी ४७७ सारख्या सहिष्णु वाणांची मुळे सु. १·३ मी. खोलीपर्यंत, तर नाजूक वाणांची सु. ०·८ मी. पर्यंत गेलेली आढळली. एका वाणाच्या मुळावर दुसऱ्या वाणाच्या शेंड्याचे कलम करून पाहता, कोरड्या जमिनीतील उत्पन्न मुख्यत्वे मुळाच्या वाणावर अवलंबून असल्याचे दिसले. तथापि आम्लधर्मी व निकस जमिनीत मुळांना खोल जाता येत नसल्याने हा लाभ मिळत नाही. शिवाय फॉस्फरस वरच्या थरात अधिक असतो. त्यामुळे केवळ खोल जाणारी मुळे फॉस्फरसाच्या शोषणात कमी पडू शकतात. (३) त्वग्रंध्रे वेळीच मिटून काही झाडे बाष्पोच्छ्वास कमी करतात. परंतु त्यामुळे प्रकाशसंश्लेषणही घटते.

दाण्यांकडे अन्नद्रव्यांचे वहन : ताणात हिरवेगार राहिलेले झाड चांगले उत्पन्न देईलच असे नाही. अनेक वाणांत पाने व खोड टिकतात, पण त्यांतील अन्नद्रव्ये दाण्यांत उतरत नाहीत आणि शेंगा पोचट राहतात. ताण येताच पुनरुत्पादन लांबविणे ही वन्य पूर्वजांची सवय लागवडीतील वाणांत शिल्लक राहिली असावी, असे एक मत आहे. खरा सहिष्णु वाण पानांतील व खोडातील साठा शेंगांकडे आणि शेंगेच्या सालीतील साठा दाण्यांकडे वळवितो. म्हणून शेंगेच्या एकूण शुष्क वजनात दाण्यांच्या वजनाचे प्रमाण किती, हा निवडीचा सोपा व उपयुक्त निकष मानला जातो. तो केवळ तराजूच्या साहाय्याने वापरता येतो.

सुधारणा : मेक्सिकोच्या निमशुष्क पठारावरील दुरांगो गटाचे वाण या गुणाचा महत्त्वाचा उगम ठरले आहेत, पिंटो व्हिला हा त्यांतील प्रसिद्ध वाण होय. कोलंबियातील आंतरराष्ट्रीय उष्ण कटिबंधीय कृषी केंद्रात (स्थापना १९६७) दुरांगो व मध्य अमेरिकी गटांच्या संकरांतून एसईआर १६ सारखे लाल दाण्याचे सहिष्णु वाण निवडण्यात आले. सोनोरा वाळवंटाच्या परिसरात टोहोनो ओओदाम लोक पूर्वापार पिकवीत आलेला टेपारी घेवडा (फॅ. ॲक्युटिफोलियस) ही जाती उष्णता व अवर्षण यांस अधिक काटक आहे, मात्र संकरित भ्रूण बहुधा बीजातच मरत असल्याने तो काढून कृत्रिम माध्यमात वाढवावा लागतो. २०१४ मध्ये घेवड्याच्या जनुकसंचाचा क्रम प्रसिद्ध झाला. तथापि हा गुण अनेक जनुकांवर अवलंबून असल्याने शेतातील निवडीचे महत्त्व कायम आहे.

महाराष्ट्रात सातारा जिल्ह्याच्या कोरेगाव तालुक्यात वाघ्या घेवडा खरीप हंगामात पावसावर घेतात. त्यास २०१६ मध्ये भौगोलिक निर्देशन मिळाले. अशा पर्जन्यछायेतील भागांत वाण निवडताना झाडाच्या हिरवेपणापेक्षा शेंगेतील दाण्यांचा भरणा पाहणे अधिक हिताचे ठरते.