साष्टींतील पवईचा मळा

हवाई बेटांत कॉफीचीं रोपें इ. स. १८२५ त ब्राझीलहून आलीं व १८२८ त कोना भागांत लागलीं. त्याच सुमारास आपल्या साष्टी बेटांतही बाहेरच्या बाजारावर दृष्टि ठेवून मळ्याची शेती बसविण्याचा उद्योग चालला होता. तो पवईचा.

साष्टी मराठ्यांनीं १७३७ त पोर्तुगीजांपासून घेतली. डिसेंबर १७७४ त इंग्रजांनीं ठाण्याचा किल्ला घेतला व सालबाईच्या तहानें (१७८२) बेट त्यांजकडे कायम झालें. पुढें १७९९ त कंपनीनें पवई व शेजारचे गांव डॉक्टर हेलेनस स्कॉट ह्यास पट्ट्यानें दिले. हा गृहस्थ नुसता वैद्य नव्हे. हिंदी पोलादाचे नमुनेसुद्धां तो विलायतेस सर जोसेफ बँक्स ह्यांजकडे धाडीत असे. त्याच्या मागून, सर जॉन माल्कम गव्हर्नर असतां, ही जमीन फ्रामजी कावसजी बनाजी ह्या पारशी व्यापाऱ्याकडे आली.

माल्कमनें ३० नोव्हेंबर १८३० च्या सरकारी टिपणांत फ्रामजीची कामगिरी वर्णिली आहे. विहिरी खणल्या, घरें बांधलीं, चांगला रस्ता केला, ऊंस, नीळ व रेशमासाठीं तुती लाविली, साखरेचा घाणा उभारला. ह्यांत विहिरींचा उल्लेख आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कोंकणांत पाऊस चार महिने. तेवढ्यावर भात पिकतें, पण उंसास बारमाही पाणी हवें. मळ्याचा खरा खर्च येथें होता. पवईचे आंबे फ्रामजीनें १८३८ त व्हिक्टोरिया राणीस पाठविले, ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. आंब्यास मात्र ना घाणा लागला ना निळीचा हौद!

तथापि माल्कमचें टिपण जपून वाचावें. पट्टा त्याच्याच अमदानींतला. तेव्हां ती स्तुति अंशतः स्वतःच्या धोरणाची आहे, आणि कुळांचा शब्द तींत नाहीं. कोना भागांतील मोठे मळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोडले. कॉफी टिकली ती लहान तुकडे खंडानें करणाऱ्या, बहुतांशीं जपानी, कुळांमुळें. पवईच्या कुळांची बाजूही अशीच तपासली पाहिजे.

जमिनीवरील खुणा फारशा कामास येणार नाहींत. मुंबईच्या पाण्यासाठीं विहार तलाव १८६० त व पवईचा १८९१ त झाला, आणि खोऱ्यांतील सखल भाग पाण्याखालीं गेला. म्हणून ठाणें तालुक्यांतील जुन्या दप्तरांत संग्राहकांनीं केवळ 'साखर' वा 'नीळ' हे शब्द पाहून कागद निवडूं नयेत. मुडेबंदीचे हिशेब, खंडाच्या पावत्या, पाण्यावरून झालेल्या तक्रारी, असे मोडी कागद आधीं वाचावे, व त्यांतील तारखा १८३० च्या टिपणाशीं ताडून पहाव्या.