मातींतील एका शत्रूचें नामकरण



न्यूझीलंडच्या उत्तर भागांतील वर्षावनांत कौरी नांवाचा प्रचंड वृक्ष वाढतो. वायपुआच्या अरण्यांतील सर्वांत मोठ्या कौरीला माओरी लोक 'ताने माहुता', म्हणजे अरण्याचा अधिपति, म्हणतात. त्याच्या खोडाचा घेर सुमारें १३.८ मीटर आहे. अशा महावृक्षांस मारणारा शत्रु मात्र नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीं. तो मातींत राहतो. त्याची खरी ओळख कशी पटली, तें आज सांगावयाचें आहे.

हा शत्रु जलबुरशींपैकीं आहे. नांवांत बुरशी असली तरी ही खरी बुरशी नव्हे. नात्यानें ती समुद्रांतील तपकिरी शेवाळांना अधिक जवळची. माती भिजली कीं तिचे सूक्ष्म बीजाणु दोन शेपट्यांच्या साहाय्यानें पाण्यांतून पोहत मुळांकडे जातात. मुळें कुजतात, बुंध्यांतून राळ वाहूं लागते, पानें पिवळीं पडून गळतात आणि अखेरीस झाड उभ्या उभ्या वाळतें. जाड कवचाचे दुसरे बीजाणु मातींत अनेक वर्षें टिकून राहतात. १८४५ सालीं आयर्लंडांत बटाट्याचें पीक बुडविणारा जीव याच कुळांतला. १८७६ सालीं डी बारी यांनीं त्या कुळाला दिलेल्या 'फायटॉफ्थोरा' या नांवाचा अर्थच मुळीं 'वनस्पतींचा नाश करणारा' असा आहे.

आतां हा जीव मातींतून बाहेर काढावयाचा कसा? मातीचा नमुना वाळवून पुन्हां भिजवितात, त्यावर पाणी ओततात आणि पाण्यावर आमिष तरंगत ठेवितात. हें आमिष म्हणजे ल्युपिनचीं कोवळीं रोपें आणि मूळच्या हिमालयांतील देवदाराचीं सुईसारखीं पानें. पोहणारे बीजाणु त्यांवर येऊन बसले कीं तेथून जीव वेगळा करून थाळींत वाढवितात. मग सूक्ष्मदर्शकाखालीं त्याच्या मादी-अवयवाचा पृष्ठभाग गुळगुळीत आहे कीं खडबडीत, नर-अवयव त्याला कोठें चिकटतो, इत्यादि लक्षणें पाहतात.

परंतु केवळ रूपावरून ओळख पटतेच असें नाहीं. ग्रेट बॅरिअर बेटावरील आजारी कौरींत सांपडलेला हा जीव १९७४ सालीं गाडगीळ या शास्त्रज्ञांनीं 'फायटॉफ्थोरा हेवी' या आधींच ज्ञात असलेल्या जातीच्या नांवानें नोंदविला. दोन्ही जाति रूपानें फार जवळच्या आणि डीएनए ताडून पाहण्याची सोय त्या काळीं नव्हती. वर्गांत दोन जुळे भाऊ असून हजेरीपटावर एकाचेंच नांव असावें, तसें तें झालें. २००६ सालीं ऑकलंडजवळच्या वायटाकेरे डोंगरांत रोग आढळल्यावर डीएनएची तुलना झाली, तेव्हां ही जाति निराळी असून बेटावरील जुना नमुनाही तिचाच, असें ठरलें. २०१५ सालीं वीअर व त्यांचे सहकारी यांनीं तिचें यथाविधि वर्णन प्रसिद्ध केलें. लक्षणें, मापें, जवळच्या जातींहून असलेले भेद आणि संग्रहांत कायम जपलेला मूळ नमुना, इतकें सिद्ध झालें म्हणजेच नव्या जातीस नांव मिळतें. तें नांव 'फायटॉफ्थोरा अगाथिडिसिडा', म्हणजे कौरीचा घात करणारी.

नांवानें रोग बरा होत नाहीं हें खरें. पण शत्रु कोण हें निश्चित झाल्यावांचून त्याची चांचणी व बंदोबस्त नेमका करतां येत नाहीं. रोगी झाडास पूर्ण बरें करणारें औषध हातीं नसल्यानें प्रतिबंध हाच मुख्य उपाय ठरला. बुटाला लागलेल्या चिमूटभर मातींतूनही रोग पसरतो, म्हणून डिसेंबर २०१७ मध्यें तेथील माओरी जमातीनें वायटाकेरेच्या अरण्यावर 'राहुई', म्हणजे पारंपरिक प्रवेशबंदी, घातली. कौरीच्या अरण्यांत जाणाऱ्यानें वाटेवर आधीं पादत्राणें घासून, धुवून, जंतुनाशकानें शुद्ध करावीं, असा तेथें नियम आहे. देवळांत जातांना आपण पादत्राणें बाहेर ठेवितों. या अरण्यांत तीं निर्मळ करून न्यावीं लागतात, इतकाच भेद.