हुंडणावळीचा भत्ता आणि वेतनाचे तत्त्व

वेतन हे पदाचे असावे की पद धारण करणाऱ्या व्यक्तीचे, हा प्रश्न इंग्रजी अमदानीतील मुलकी सेवांच्या इतिहासात पुनःपुन्हा उपस्थित झालेला आढळतो. भारतीयांना वरिष्ठ जागा किती मिळाल्या, याची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली आहे. त्या जागांच्या सेवाशर्तींकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष त्या मानाने कमी गेले.

सोलापूरचे उदाहरण घेऊ. १८६३ साली लंडनची परीक्षा उत्तीर्ण झालेले पहिले भारतीय सनदी अधिकारी सत्येंद्रनाथ टागोर हे येथे जिल्हा न्यायाधीश होते. (रवींद्रनाथांनी ‘राजा ओ राणी’ हे नाटक १८८९ मध्ये सोलापुरातच लिहिले.) लंडनमार्गे आलेला असा भारतीय करारबद्ध सेवेत युरोपीय सहकाऱ्याच्याच वेतनश्रेणीवर असे. उलट, १८७९ च्या नियमांन्वये येथल्या येथे नेमलेल्या ‘स्टॅट्युटरी’ सिव्हिलियनास त्याच पदावर सर्वसाधारणपणे दोन-तृतीयांश वेतन मिळे. १८८६ साली नेमलेल्या एचिसन आयोगाने हा वर्ग मोडला; परंतु त्याच्या जागी जी प्रांतिक सेवा आली, तिचे वेतनमान निराळे आणि कमीच राहिले. कृष्णाजी लक्ष्मण नूलकर हे या आयोगाचे एक सभासद होते.

तथापि करारबद्ध सेवेतील समताही फार काळ अबाधित राहिली नाही. १८७० च्या सुमारास दोन शिलिंगांच्या जवळपास असलेला रुपयाचा भाव चांदी उतरल्यामुळे १८९२–९३ मध्ये सव्वा शिलिंगापर्यंत घसरला. विलायतेत कुटुंब असलेल्या अधिकाऱ्याची त्यामुळे ओढाताण झाली, हे मान्य केलेच पाहिजे. १८९३ मध्ये सरकारने भारतात अधिवास नसलेल्या युरोपीय व युरेशियन नोकरांना हुंडणावळीचा भत्ता दिला. वार्षिक एक हजार पौंडांच्या मर्यादेत, निम्मे वेतन दीड शिलिंग दराने धरावयाचे आणि बाजारभावाशी येणारा फरक खजिन्याने भरून द्यावयाचा, अशी ही योजना होती.

पुढे रुपया एक शिलिंग चार पेन्सांवर स्थिरावला. त्या दराने हिशेब केला, तर हजार रुपये मासिक वेतनाच्या निम्म्या भागावर ६२ रुपये ८ आणे जादा पडतात. म्हणजे एकंदर वेतनाच्या सव्वासहा टक्के. रक्कम विलायतेस प्रत्यक्ष पाठविली किंवा नाही, याची चौकशी नव्हती. एकाच जागेवरील दोघा अधिकाऱ्यांच्या प्राप्तीत केवळ अधिवासामुळे अंतर पडले, आणि तेही शेतसाऱ्यावर पोसलेल्या खजिन्यातून. गोखल्यांनी १८९७ साली वेल्बी आयोगापुढे या भत्त्यावर टीका केली, ती म्हणूनच केवळ काटकसरीच्या दृष्टीची मानता येणार नाही.

१९१२ च्या इस्लिंग्टन आयोगावर गोखले स्वतः सभासद होते. परंतु १९१५ च्या फेब्रुवारीत त्यांचे निधन झाले, आणि अहवाल प्रसिद्ध झाला १९१७ मध्ये. योग्य माणसे मिळावीत व टिकावीत यासाठी लागेल तेवढेच वेतन द्यावे, हे या आयोगाने घालून दिलेले सूत्र प्रथमदर्शनी निर्दोष वाटते. मात्र माणसे दोन बाजारांतून घ्यावयाची असतील, तर याच सूत्रातून एका पदाची दोन मोले निघतात. १९२४ च्या ली आयोगाने सनदी सेवेत १५ वर्षांत निम्मे भारतीय असावेत असे सुचविले, आणि त्याच अहवालात युरोपीय अधिकाऱ्यांसाठी कुटुंबासह विलायतेच्या प्रवासभाड्याची तरतूदही केली. मध्यवर्ती विधिमंडळाने मोतीलाल नेहरूंच्या उपसूचनेने या शिफारशी अमान्य केल्या. सरकारने त्या बहुतांशी अमलात आणल्या.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. समान वेतनाची मागणी मान्य होत गेली, ती युरोपीय श्रेणीच्या पातळीवर. प्रतिष्ठेचा प्रश्न त्याने सुटला. पण प्रशासन देशाला परवडेल अशा वेतनावर चालावे, ही गोखल्यांची दुसरी मागणी मागे पडली. स्वातंत्र्यानंतर भारतीय प्रशासन सेवेसाठी कमी वेतनमान ठरले, तेव्हा जुन्या सनदी अधिकाऱ्यांच्या शर्तींना संविधानाच्या अनुच्छेद ३१४ चे संरक्षण होते. परिणामी एकाच सचिवालयात समान पदावर पुन्हा दोन वेतने दिसू लागली. भेदाची कसोटी तेवढी अधिवासाऐवजी सेवाप्रवेशाचे वर्ष ही झाली. १९७२ च्या अठ्ठाविसाव्या घटनादुरुस्तीने तो अनुच्छेद वगळला आणि त्या शर्ती बदलण्याचा अधिकार संसदेकडे आला.