नवं-जुनं करण्याआधी

घरातला कायदा : भाग ९

मागच्या भागात मृत्युपत्राविषयी लिहिलं. त्यावर आलेल्या प्रश्नांत मृत्युपत्राचे थोडे आणि कर्जाचेच जास्त निघाले. वऱ्हाडात हे व्हायचंच. मृत्युपत्र करायला मागे ठेवण्याजोगं काही असावं लागतं. कर्ज तीन एकरवाल्यालाही असतं आणि तीसवाल्यालाही. दर्यापूरकडच्या एका ताईंचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत देतो : "कर्ज त्यायच्या नावानं होतं. आता थे नाही राह्यले, त मंग भरा लागते कोनाले?"

ताईंना एक उत्तर घरातूनच मिळालं होतं. दीर म्हणाले, बापाचं कर्ज पोरानं फेडलं नाही तर बापाला मुक्ती नाही. हे दिरांच्या मनचं नव्हे. जुन्या हिंदू कायद्यात मुलगा, नातू, पणतू यांच्यावर बापा-आजाचं कर्ज फेडण्याचं धार्मिक कर्तव्य होतं आणि कोर्टं ते मानतही होती. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायदा बदलला. मुलींना वडिलोपार्जित इस्टेटीत मुलाइतका हक्क देणारी दुरुस्ती म्हणून ती गावोगाव माहीत आहे. पण त्याच सहाव्या कलमाचं चौथं पोटकलम फारसं कोणी वाचत नाही. त्यानंतर घेतलेल्या कर्जासाठी केवळ या धार्मिक कर्तव्याच्या आधारावर मुला-नातवावर वसुली लावता येत नाही, असं ते सांगतं. मुक्तीचा विषय ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा. कोर्टात तो आता चालत नाही.

मग सावकाराचे, बँकेचे पैसे बुडाले का? तसंही नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ५० म्हणतं की मयताविरुद्धचा हुकूमनामा वारसावर बजावता येतो, पण मयताची जेवढी मालमत्ता वारसाच्या हाती आली तेवढ्यापुरताच. मागे दोन लाखांची मालमत्ता आणि पाच लाखांचं कर्ज राहिलं असेल, तर वरच्या तीन लाखांसाठी मुलाच्या पगाराला, सुनेच्या दागिन्याला किंवा ताईंच्या माहेरून आलेल्या जमिनीला हात लावता येत नाही. मात्र आपल्या हाती काय आलं याचा हिशोब वारसाला द्यावा लागतो. बैलजोडी विकली, ट्रॅक्टर मोडला, तर त्याची पावती आणि ते पैसे कुठे गेले याची नोंद ठेवा. दवाखान्याचं बिल भरलं असेल तर तेही सांभाळून ठेवा.

आता यातली कडू बाजू. आपल्याकडे बहुतेक वेळा मालमत्ता म्हणजे शेत, आणि शेताची किंमत कर्जाहून जास्त. अशा वेळी "मालमत्तेपुरतीच जबाबदारी" हे वाक्य ऐकायला बरं, पण वसुली येऊन बसते ती शेतावरच. सातबारा उघडून 'इतर हक्क' हा रकाना बघा. तिथे सेवा सहकारी सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा चढलेला असेल, तर जमीन त्या बोजासकटच वारसाकडे येते. माणूस गेला म्हणून बोजा उतरत नाही. रक्कम भरून किंवा कर्जमाफीत बसून, बेबाकीचा दाखला देऊन तो कमी करून घ्यावा लागतो. कर्जमाफी होऊन वर्षं लोटली तरी जुना बोजा तसाच राहिलेले उतारे मी कितीतरी पाहिले आहेत.

'सरफेसी'ची नोटीस आली म्हणून घाबरलेले लोकही येतात. २००२ चा तो कायदा शेतजमिनीच्या तारणाला लागू होत नाही. त्या कायद्याखाली बँक परस्पर शेताचा ताबा घेऊ शकत नाही. तिला कोर्टाची वाट धरावी लागते. सोसायटीची वाट वेगळी. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला निघतो आणि त्यावर जप्ती येऊ शकते. असा दाखला हातात पडला की वकील गाठायला उशीर करू नका.

ताईंच्या पत्रातली मला सर्वांत काळजीची वाटलेली ओळ शेवटी होती. बँकेतून निरोप होता की येऊन नवं-जुनं करून जा. नवं-जुनं म्हणजे काय ते वऱ्हाडात कोणाला सांगायला नको. जुनं खातं बंद, नवं खातं सुरू, हाती थोडी रक्कम, कधी नुसतीच सही. पण मयताच्या खात्याचं नवं-जुनं वारसाच्या नावानं झालं की कर्जदार बदलतो. काल ताईंची जबाबदारी नवऱ्याच्या शेतापुरती होती. नव्या कागदावर अंगठा किंवा सही पडली की ते कर्ज त्यांचं स्वतःचं झालं, मर्यादा गेली. "बाकी मला कबूल आहे" एवढं लिहून घेण्यामागेही हेच असतं. साध्या उसनवारीच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे. ती संपायच्या आत लेखी कबुली दिली की घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू.

म्हणून सही करूच नये, असंही माझं म्हणणं नाही. खातं थकीत राहिलं तर नवं पीककर्ज मिळत नाही, डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत जाते, आणि जूनमध्ये बियाण्यासाठी पुन्हा खाजगी सावकाराचं दार. कर्ज लहान, शेत चांगलं आणि कसणारं माणूस घरात असेल तर वारस म्हणून खातं आपल्या नावे करून घेणं शहाणपणाचंच. फक्त त्याआधी मयताच्या खात्याचा उतारा मागा, मुद्दल किती आणि व्याज किती ते वेगळं लिहून घ्या, आणि घाई होत असेल तर कागद घरी नेऊन वाचून घ्या. साहेब रागावले तर रागावू द्या.

जामीनदाराला यातली कुठलीच सूट नाही. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि बँक कर्जदाराच्या वारसाला सोडून थेट त्यालाच गाठू शकते. गावात एकमेकांना जामीन राहायची पद्धत असल्यानं एक माणूस गेला की दुसऱ्या घरात नोटीस जाते आणि दोन घरांचं बोलणं बंद होतं. जामीनदारानं रक्कम भरली तर ती मूळ कर्जदाराच्या इस्टेटीतून वसूल करायचा हक्क त्याला आहे, हे दोन्ही घरांनी ध्यानात ठेवावं.

आता शेत कोणाच्या नावे? नवऱ्याची स्वकष्टाची चार एकर असेल, मृत्युपत्र नसेल, आणि मागे बायको, मुलगा, मुलगी, आई असेल तर प्रत्येकाला एक एकर. आई, म्हणजे ताईंची सासू, पहिल्या वर्गाची वारस आहे. सासरा नाही, दीर तर नाहीच. बाईनं पुढे दुसरं लग्न केलं तरी मिळालेला हिस्सा जात नाही. जमीन वडिलोपार्जित आणि भावांत सामाईक असेल तर आधी मयताचा हिस्सा किती ते काढायचं; त्याचं कर्ज त्या हिश्शातूनच फिटायचं, भावांच्या हिश्शातून नाही.

वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे तीन महिन्यांच्या आत द्यावा, असं महसूल कायदा सांगतो. आपल्याकडे तीन-तीन पिढ्या जातात, सातबाऱ्यावर आजोबाच नांदत असतात. मार्च २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यानं मयत खातेदारांची नावं काढून वारसांची लावण्याची 'जिवंत सातबारा' मोहीम सुरू केली आणि एप्रिलपासून सरकारनं ती राज्यभर नेली. मुलं अज्ञान असतील तर त्यांच्या नावापुढे 'अ.पा.क. आई' असं लागलं आहे ना, ते बघा. अज्ञान मुलाचा हिस्सा कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही.

आणि दीर म्हणतील, वहिनी, नोंद सोपी व्हावी म्हणून हक्कसोड करून द्या, कर्ज आम्ही पाहून घेतो. नोंदणीकृत हक्कसोडपत्रानं हिस्सा कायमचा जातो. "कर्ज आम्ही पाहून घेतो" हे तोंडी राहतं. त्यात जामीन म्हणून ताईंची सही असेल तर शेत दिरांकडे आणि नोटीस ताईंकडे.

खाजगी सावकाराचं प्रकरण निराळं. इथे गहाणखत होतच नाही. शेताचं सरळ खरेदीखत होतं आणि "पैसे दिले की पलटवून देतो" हा शब्द. २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याचं कलम १८ नेमकं यासाठी आहे. कर्जाच्या बदल्यात गेलेली जमीन आहे असं चौकशीत ठरलं तर जिल्हा उपनिबंधक ते खरेदीखत अवैध ठरवून जमीन कर्जदाराला किंवा त्याच्या वारसाला परत करू शकतो. वारसालाही, म्हणून ताईंना अर्ज करता येतो. व्यवहार किती जुना चालेल याला मर्यादा आहे आणि ती अर्जाच्या तारखेपासून मागे मोजतात, तेव्हा पेरणी आटोपल्यावर बघू असं करू नये. सावकाराच्या चिठ्ठ्या, इसारपावती, फोनवरचे मेसेज आणि शेत आजवर आपणच कसत आहोत याचे पुरावे, जसं पीकपाहणी, कापूस-सोयाबीन विकल्याच्या पट्ट्या, एवढं जोडावं. विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे आणि कोऱ्या कागदावर सही घेणंही.

तक्रार करून काय होणार, असं विचारणाऱ्यांना मी खामगावचं प्रकरण सांगतो. २००६ मध्ये तिथल्या सावकारीविरुद्ध शेतकरी पोलिसांत गेले, तेव्हा मुख्यमंत्र्यांच्या कार्यालयातून ठाण्याला फोन गेला. या हस्तक्षेपाबद्दल नागपूर खंडपीठानं राज्य सरकारला २५ हजारांचा दंड केला. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं, तर डिसेंबर २०१० मध्ये तो १० लाख झाला. शेतकऱ्यांना वेळ फार लागला, हे खरंच.

"पोलीस धरून नेतील का?" हा प्रश्न बायका हळू आवाजात विचारतात. कर्ज फेडता न येणं हा गुन्हा नाही. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करता येत नाही, हे दिवाणी संहितेच्या कलम ५६ मध्ये स्वच्छ लिहिलं आहे. नवऱ्यानं दिलेला चेक वटला नाही तर त्याचा फौजदारी खटला त्याच्याबरोबर संपतो. स्वतःच्या खात्याचा कोरा चेक ताईंनी दिला असेल तर तो मात्र त्यांना चिकटतो. जप्ती आलीच तर मंगळसूत्र, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, शेतीची अवजारं, लागणारी जनावरं आणि बियाणं कायद्यानं वगळलेलं आहे.

शेवटी एक काम, जे ताईंनी उद्याच करावं. नवऱ्याच्या पासबुकात मे-जूनच्या सुमारास ४३६ रुपयांची कपात दिसते का ते बघावं. तो प्रधानमंत्री जीवनज्योती विमा. मृत्यू आजारानं असो की इतर कशानं, दोन लाख मिळतात. २० रुपयांची कपात म्हणजे अपघात विमा. बचत गटाच्या किंवा मायक्रोफायनान्सच्या कर्जालाही पुष्कळदा नवऱ्याचा विमा जोडलेला असतो, तो कागद शोधावा. वारसांनी दावा करायचा असतो. बँक घरी येऊन सांगत नाही.

पुढच्या भागात : भांडणात नाव आलं, केस सुटली, तरी नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत ती दिसते का? अकोल्याच्या एका तरुणाचा पोलीस भरतीचा फॉर्म समोर ठेवून पाहू.