चैनीच्या वस्तूंचा हिशेब

मुलगी फॅशन व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी पॅरिसला जाणार, असे कानी पडताच नातेवाइकांच्या डोळ्यांपुढे रॅम्प, प्रकाशझोत आणि शिवणयंत्र उभे राहते. प्रत्यक्षात या अभ्यासक्रमात विद्यार्थ्याच्या हाती सुईदोरा क्वचितच येतो. येतो तो साठ्याचा तक्ता. वाणिज्य शाखेच्या पदवीधराला येथे परके वाटण्याचे कारण नाही, ही गोष्ट पुष्कळ पालकांना ठाऊकच नसते.

या क्षेत्रातील अग्रगण्य मानली जाणारी 'अँस्तित्यू फ्रांसे द ला मोद' ही पॅरिसची संस्था १९८६ साली स्थापन झाली. तिच्या उभारणीत फ्रान्सच्या उद्योग मंत्रालयाबरोबरच ईव्ह साँ लोराँ यांचे व्यवसायातील भागीदार पिएर बर्जे यांचाही पुढाकार होता. योगायोग असा की, आपल्याकडील वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या अखत्यारीतील 'निफ्ट' ही संस्थाही १९८६ सालचीच. तेथे फॅशन व्यवस्थापनाचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, आणि खर्चाच्या दृष्टीने तो परदेशापेक्षा पुष्कळच आवाक्यातला आहे.

शिकवतात काय? तयार कपड्यांची मागणी काही महिने आधी नोंदवावी लागते; रंग, माप आणि नगसंख्या तेव्हाच ठरते. हंगाम उलटला की उरलेला माल सवलतीत काढावा लागतो आणि नफा तेथेच आटतो. कॅश क्रेडिट खात्यासाठी दरमहा साठ्याचे विवरणपत्र भरणाऱ्या कापड व्यापाऱ्याला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. परंतु चैनीच्या वस्तूंच्या बाजारात हेच गणित उलटे फिरते. तेथे सवलत हा इलाज राहत नाही, तोच रोग ठरतो. १८३७ साली घोड्यांचे साज बनविणारी कार्यशाळा म्हणून सुरू झालेली 'हर्मेस' ही पेढी आजही आपल्या प्रसिद्ध हातपिशव्या मोजक्याच विकते. मागणी वाढली म्हणून पुरवठा त्याच वेगाने वाढवायचा नाही, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्याशी विसंगत धोरण तेथे पिढ्यान्‌पिढ्या जपले गेले आहे.

मात्र या धोरणाला एक काळी बाजू आहे. 'बर्बेरी' या ब्रिटिश कंपनीने २०१७-१८ या आर्थिक वर्षात २ कोटी ८६ लाख पौंडांचा न विकलेला माल नष्ट केला. माल स्वस्तात बाजारात गेला तर नाव खाली येईल, हा त्यामागचा विचार. टीकेचा भडिमार झाल्यावर सप्टेंबर २०१८ मध्ये कंपनीने ही प्रथा बंद केल्याचे जाहीर केले. फ्रान्सने तर २०२० साली कायदाच केला आणि जानेवारी २०२२ पासून न विकलेले कपडे नष्ट करण्यास मनाई झाली. साहजिकच आता विद्यार्थ्याला उरलेल्या मालाचे काय करायचे, याचे उत्तर कायद्याच्या चौकटीत शोधावे लागते.

दुसरा धडा कोल्हापूरने दिला. जून २०२५ मध्ये मिलान येथे 'प्राडा'च्या पुरुषांच्या संग्रहात कोल्हापुरी चपलेसारखे पादत्राण झळकले, परंतु कोल्हापूरचे नाव कोठेच नव्हते. कोल्हापुरी चपलेला २०१९ सालीच भौगोलिक मानांकन मिळालेले होते. आपल्याकडून आक्षेप आल्यावर कंपनीने हे पादत्राण भारतीय हस्तकलेवरून स्फुरल्याचे मान्य केले. वस्तूचे मूल्य तिच्या जन्मकथेत असते, हे या व्यवसायाचे मूलसूत्र. आणि ती कथा नेमकी कोणाच्या मालकीची, हा प्रश्न वर्गात विचारण्यास महाराष्ट्रातून गेलेल्या विद्यार्थ्याइतका अधिकारी दुसरा कोण असणार?

आता पैशाची बाजू. फ्रान्समध्ये 'मास्टर' हे नाव शासनमान्य पदवीसाठी राखीव आहे. मात्र 'मास्तेर' या नावाची प्रमाणपत्रे अनेक खासगी संस्था देतात आणि ती शासकीय पदवी असतेच असे नाही. फ्रेंचमध्ये दोहोंचा उच्चार सारखाच. फरक केवळ लेखनात. राहते घर तारण ठेवण्यापूर्वी प्रवेशपत्रावरील तो शब्द नीट वाचणे अगत्याचे आहे, किंबहुना अर्जाची सुरुवात तेथूनच व्हावी.

साडेसात लाखांपुढील शैक्षणिक कर्जास सामान्यतः तारण मागितले जाते. निवडक संस्थांबाबत बँका यात सवलतही देतात. परतफेड सर्वसाधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने सुरू होते. व्याज मात्र त्या काळातही साचत असते, ते शक्य तेवढे भरत राहिलेले बरे. विनिमय दराचा विचार तर बहुतेक कुटुंबांत होतच नाही. २०२५ च्या प्रारंभी नव्वद रुपयांच्या आसपास असलेला युरो त्याच वर्षी शंभरी ओलांडून गेला. शुल्क वीस हजार युरो धरले, तर केवळ या फरकाने दोन लाखांचा बोजा वाढतो. म्हणून कर्जाची रक्कम ठरविताना थोडी मोकळी जागा ठेवावी. मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून परदेशी शुल्क पाठविल्यास एप्रिल २०२५ पासून त्यावर स्रोतावरील करसंकलन होत नाही, हा मात्र दिलासा.

नोकरीचे काय? या क्षेत्रातील सर्वांत मोठ्या 'एलव्हीएमएच' समूहाची विक्री २०२३ मध्ये ८,६२० कोटी युरो होती, ती २०२४ मध्ये ८,४७० कोटींवर आली. तेजी कायमची नसते. फ्रान्समध्ये दोन महिन्यांहून अधिक काळाच्या प्रशिक्षणार्थीस विद्यावेतन देणे बंधनकारक आहे, परंतु त्यात पॅरिसचे घरभाडे भागणेही कठीण. शिवाय वर्ग इंग्रजीत चालले, तरी दुकानात आणि कचेरीत फ्रेंचच बोलावी लागते. प्रवेश निश्चित होण्याआधीच फ्रेंचचा वर्ग लावणारा विद्यार्थी परतफेडीच्या दृष्टीनेही बँकेला अधिक भरवशाचा वाटतो.