जिवंत मरळ

पहाटे पाच

बाभळी बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला, बेशरमीच्या झुडपाला मामांची पत्र्याची होडी बांधलेली असते. काठावर गारवा आहे, गावात शिरलं की तो संपतो. फेब्रुवारीच्या अखेरीस धर्माबादकडं असंच असतं. मामा भोई. आजाही याच गोदावरीवर जाळं टाकायचा. भाचा हैदराबादला काम करून कंटाळून परत आला, येताना एक रॉड आणि डबाभर रबरी बेडूक घेऊन आला. होडी एक, पण तीत धंदे दोन. मामा जाळ्याचे, भाचा बेडकाचा. दोघांचं पटतं, पण बोलण्यात ते कबूल करायचं नाही असा नियम दिसतो. आज त्यांच्यासोबत मीही होडीत आहे.

आज २८ फेब्रुवारी. उद्या सकाळी बंधाऱ्यातून तेलंगणासाठी ०.६ टीएमसी पाणी सुटणार. बाभळीची क्षमता २.७४ टीएमसी, म्हणजे भरल्या बंधाऱ्याचा पाचवा हिस्सा एकदम निघतो. ही तारीख सर्वोच्च न्यायालयाची. महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेश या दोन राज्यांचा तंटा निकाली निघाला तोही २८ फेब्रुवारीलाच, २०१३ साली: १ जुलै ते २८ ऑक्टोबर चौदाही दरवाजे वर ठेवायचे, आणि १ मार्चला एवढं पाणी खाली द्यायचं. त्याआधी २०१० मध्ये आंध्रचे नेते चंद्राबाबू नायडू आमदारांना घेऊन बंधारा बघायला निघाले आणि धर्माबादेत अटकेत पडले, ही गोष्ट मामा अजून रंगवून सांगतात. मासेमाराच्या हिशेबात या सगळ्याचा अर्थ एवढाच, की पावसाळाभर इथं नदी मोकळी वाहते, दिवाळीच्या सुमारास पाणी थांबायला लागतं, आणि उद्या काठ मागं सरकेल. काठालगतचं गवत, पाणकणीस, जलपर्णी उघडी पडेल. मरळ राहते ती नेमकी तिथंच. म्हणून भाच्याची आज घाई.

सहा

काल संध्याकाळी लावलेली तंगूस जाळी आधी उचलायची. मामा होडीच्या टोकाला उकिडवे बसतात, थर्माकोलचा तुकडा पकडतात आणि हाताखालून जाळं ओढत जातात. कटला, रोहू, बऱ्याच चिलापी. चिलापीला मामा शिवी देऊनच जाळ्यातून काढतात; काट्याचा पंखा उघडून बसते आणि बोटं फाडते. कटला मात्र हलक्या हातानं, खवल्यांना धक्का न लावता.

जाळ्याच्या शेवटच्या टप्प्यात एक मरळ निघाली. दीड किलोची असावी. काळपट पाठ, सापासारखं चपटं डोकं, पोटाकडं फिकट पट्टे. मेलेली. अंगावर जखम नव्हती. मामांनी उचलून भाच्याला दाखवली, भाच्यानं नुसती मान हलवली.

भाच्याच्या धंद्याचं सगळं गणित या मेलेल्या मरळीत आहे. मरळीला कल्ले आहेत, पण तेवढ्यावर तिचं भागत नाही. डोक्यात कल्ल्यांच्या वर हवा घेण्याची वेगळी जागा असते, आणि थोड्या थोड्या वेळानं वर येऊन तिला तोंडानं हवा घ्यावीच लागते. त्याच्या जोरावर ती चिखलात तग धरते, ओल्या गवतातून एका डबक्यातून दुसऱ्यात सरपटत जाते. पण तंगूस गळ्याला बसला आणि वर येता आलं नाही, की पाण्यातच गुदमरते. मासा बुडून मरतो हे ऐकायला विचित्र वाटतं, पण मरळ खरंच बुडते. आणि मेलेल्या मरळीला कटल्यापेक्षा फार भाव नाही. जिवंत असेल तर दुपटीहून जास्त, आणि गिऱ्हाईक वाट बघत बसलेलं.

साडेसात

उन्हं पाण्यावर आली की वल्हं मामांकडं आणि होडीचं टोक भाच्याकडं. आता मालक बदलतो.

मी बेडूक हातात घेऊन बघितला. मऊ रबराचा, आतून पोकळ, अंगठ्याएवढ्या अंगाचा. मागं दोन रबरी झुपके, पायांच्या जागी. दोन गळ पोटातून निघून पाठीला चिकटून वर वळलेले, टोकं पाठीत दबलेली. बोट फिरवलं तर टोचत नाही. त्यामुळं जलपर्णीवर टाका, पाणकणसातून ओढा, कुठं अडकत नाही. मरळीनं जबडा मिटला की रबर चपटं होतं आणि दोन्ही टोकं उघडी पडतात. कारागिरी तेवढीच. दोर शिरतो त्या भोकातून आत पाणी जातं, म्हणून चार-दोन फेकींनंतर बेडूक पिळायचा. भाचा तो मुठीत दाबतो, आणि पाण्याची चिळकांडी हटकून मामांच्या अंगावर जाते.

रबरी आमिषाचा उगम अमेरिकेतला. ओहायोतल्या ॲक्रन गावात निक क्रीम नावाच्या माणसानं १९४९ मध्ये घरच्या स्वयंपाकघरात प्लास्टिक तापवून गांडुळं ओतली. आता ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडं लोक खोल समुद्रात होडीतून रबरी मासोळ्या सोडून स्नॅपर धरतात. भाच्यानं मोबाइलवर हे सगळं बघून ठेवलंय. पण समुद्रात आमिष खाली सोडायचं आणि दिसत नाही त्या मासळीची वाट बघायची. इथं मासळी स्वतः वर येऊन पत्ता सांगते. तो पत्ता वाचता आला पाहिजे. हे मोबाइलवर मिळत नाही, मामांकडं मिळतं.

"तिथं बघ," मामा वल्ह्यानं दाखवतात. मला काही दिसत नाही. पाणकणसाच्या बेटाला लागून गवताचं एक पातं हललं होतं, वाऱ्याच्या उलट दिशेला. मग ‘गुब’ असा आवाज, आणि बुडबुड्यांची छोटी रांग. मरळीनं हवा घेतली. लगेच बेडूक टाकायचा नाही. नुकती हवा घेऊन खाली गेलेली मरळ दचकलेली असते, असं मामांचं मत. होडी दूर ठेवायची, पत्र्यावर पाय आपटायचा नाही. तिनं पुन्हा हवा घेतली की त्या जागेच्या पुढं, बेटाच्या पलीकडं बेडूक टाकायचा आणि गवतावरून ओढत आणायचा. दोन उड्या, थांबा. एक उडी, थांबा.

पहिल्यांदा पाणी फुटलं तेव्हा मीच दचकले. मोठा दगड पडल्यासारखा आवाज, बेडूक गायब. भाच्यानं रॉड मागं ओढला आणि रिकामा बेडूक सणसणत होडीत आला.

"घाई कामून करूलालास? खाऊ दे की तिला."

"खाल्ला होता मामा."

"तोंडात धरला होता. खाल्ला नव्हता."

मरळ बेडकावर झडप घालते ती निम्मी भुकेनं, निम्मी रागानं. तोंडात घेऊन ती खाली वळते, तेव्हाच जबडा पुरता मिटतो. तोवर रॉडचं टोक खाली ठेवून दोर सैल सोडायचा. मनात दोन म्हणायचं आणि मग जीव खाऊन ओढायचं. कारण एकदा गवताच्या मुळांत शिरली, की दोर कितीही दणकट असो, हातात गवतच येतं.

पुढच्या बेटाजवळ भाच्यानं दोन म्हटलं. मरळ आली.

नऊ

बाहेर काढताना भाचा तिचं डोकं ओल्या गोणपाटानं धरतो. अंगाला शेंबडासारखा बुळबुळीतपणा असतो. तो पुसला की मासा पुढं टिकत नाही. दातांनी बेडकाच्या पोटाला चीर पडली आहे. मरळ निळ्या पिंपात जाते, आणि पिंपात पाणी किती? वीतभर. नवखा माणूस मासा जगावा म्हणून पिंप काठोकाठ भरून झाकण लावेल, आणि तो बुडवून मारेल. वर हवा मोकळी हवी. झाकणाऐवजी जाळी बांधतात, कारण मरळ उडी मारून होडीबाहेर जाते. ती हिमतीची.

साडेनऊपर्यंत पिंपात आणखी एक. तिसरी लहान होती, ती भाच्यानं परत सोडली. मामा काही बोलले नाहीत. ते बोलतात मृग लागल्यावर. पहिल्या पावसांत मरळीची जोडी गवतात जागा साफ करते, आणि पिल्लं निघाली की लालसर पुंजका पाण्यावर लोळत फिरतो, खाली आईबाप राखण करतात. त्या पुंजक्यावर बेडूक टाकला की मरळ येणारच, न खाताही येणार. नवशिके तेव्हाच मोठ्या मरळी काढतात आणि फोटो टाकतात. मग सगळी पिल्लं चिलापीच्या पोटात. मामांनी भाच्याला बजावलंय, पुंजक्यावर टाकलास तर होडी मिळणार नाही. माझ्या मते याला सरकारी नियमाची वाट बघायची गरज नाही. होडी कुणाची आहे, एवढ्यावर काम भागतं.

आणखी एक गोष्ट या रबराच्या बाजूनं सांगायला हवी. मामांच्या तरुणपणी दावणीला, गळाला जिवंत बेडूक लावत. पाठीतून गळ घालून रात्रभर पाण्यावर तडफडत ठेवायचा. बेडकांच्या पायांची निर्यात भारतानं १९८७ मध्ये बंद केली, पण गळाचा बेडूक गावोगाव चालूच राहिला. आता डब्यातला हिरवा रबरी बेडूक महिनाभर पुरतो.

साडेदहा

काठावर मोटारसायकल उभी आहे, मागं दोन्ही बाजूंना पिंपं. व्यापारी निजामाबादकडचा. कटल्याकडं त्यानं बघितलंही नाही, ते दुसऱ्या माणसाचं काम. पहिला प्रश्न: "जिंदा कित्ते हैं?"

तेलंगणात मरळीला कोरमीन म्हणतात आणि ती त्यांचा राज्यमासा आहे. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये पापलेटला तो मान दिला. कोकणाला ते शोभतं. धर्माबाद-बिलोलीत पापलेट बर्फातून येतं. मृगाच्या दिवशी हैदराबादच्या नामपल्ली मैदानावर बत्तिनी कुटुंब दम्यासाठी मरळीचं जिवंत पिल्लू औषध भरून गिळायला देतं. औषधाचं खरंखोटं डॉक्टरांनी बघावं, पण नांदेड-लातूरहून लोक रेल्वेनं तिकडं जातात, आणि त्या आठवड्यात मरळीचा भाव काठावरही जाणवतो. एरवीही बाळंतिणीला, ऑपरेशन झालेल्याला मरळ द्या म्हणतात. काटे कमी, मांस घट्ट.

व्यापाऱ्यानं मरळ पिंपातून उचलून बघितली, शेपटी मारते का ते पाहिलं, वजन केलं. जाळ्यातली मेलेली मामांनी पुढं केली. त्यानं कल्ला उघडून बघितला आणि कटल्याचा भाव सांगितला. मामांनी ती परत पिशवीत टाकली. घरी कालवण.

दुपार

बारा ते साडेतीन पाण्यावर कुणी नाही. ज्वारीची भाकरी, मरळीचा रस्सा, झोप. उठून मामा जाळ्याची भोकं सांधतात. भाचा बेडूक दुरुस्त करतो. चीर फेविक्विकनं जोडली तर रबर तिथं कडक होतं आणि पुढच्या चाव्याला फुटतं. म्हणून तो ब्लेड काडीपेटीवर तापवतो, चिरेत क्षणभर घालून काढतो आणि दोन्ही कडा बोटांनी दाबतो. वितळून सांधतात. डब्यात लाल आणि पांढरा बेडूक एकत्र ठेवले होते, लालाचा रंग पांढऱ्याला लागून तो आता गुलाबी आहे. मरळीला त्याचं काही वाटत नाही.

बोलता बोलता विषय मांजरेचा निघाला. लातूरची मांजरा खाली येऊन इथून जवळच, कंदकुर्तीला गोदावरीला मिळते. मामांचे साडू धनेगावच्या मांजरा धरणावर जाळं टाकायचे. २०१६ मध्ये धरणाचा तळ उघडा पडला, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते वर्ष. साडूंनी उन्हाळाभर ऊसतोडीच्या मुकादमाकडं उचल घेऊन भागवलं. त्याच पावसाळ्यात धरण पुन्हा भरलं, पण बोटुकली नव्यानं सोडून मासा धरण्याजोगा व्हायला वेळ लागतो. धरण भरल्याची बातमी छापून येते, त्यानंतरच्या रिकाम्या जाळ्यांची नाही.

चार

संध्याकाळच्या फेरीत वारा सुटला. वाऱ्यात मरळीचा श्वास दिसत नाही, पाणीच सगळीकडं हलतं. भाच्यानं आडोशाची जागा धरली, जिथं जलपर्णी वाऱ्यानं ढकलून दाटली होती. तिच्यावरून बेडूक ओढताना खालून दोनदा फुगवटा आला, पण थर जाड असल्यानं तिला तोंड बाहेर काढता आलं नाही. पावणेसहाला कडेच्या मोकळ्या पाण्यात एक लागली, ती मुळांत शिरली. मामांनी होडी वर नेली, भाच्यानं दंडापर्यंत हात घालून दोर सोडवला. बेडूक निघाला, मरळ गेली.

सहानंतर जाळी लावायची. मामांनी आज नेहमीची जागा सोडली. उद्या पाणी उतरताना कटला काठ सोडून जुन्या पात्राकडं जाणार, म्हणून जाळी पात्राच्या तोंडाशी, थोडी तिरपी. आणि वरची दोरी त्यांनी मुद्दाम सैल ठेवली, जाळं पाण्याच्या वरच्या हातभर थरात येणार नाही अशी. मी कारण विचारलं.

"मरळ वरून जाईल," मामा म्हणाले. "हिला सकाळी धरंल की हा, जित्ती."

रात्री आठ

व्यापाऱ्याचा फोन. उद्या किती वाजता येऊ? मामांनी सात सांगितलं. एकदा दरवाजे उचलले की बघ्यांची गर्दी होते, अधिकाऱ्यांच्या गाड्या येतात, काठाला मोटारसायकल लागत नाही. भाच्यानं मधेच फोन ओढून घेतला आणि विचारलं, तीन पिंपं आणता का? तिकडून हसण्याचा आवाज आला. दोनच आणणार, पण वीतभर पाणी घालूनच आणतो म्हणाला.